उजव्या हातातल्या बांगड्या

"सेप्सिस आहे," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या उजव्या हातावर कोपरापर्यंत चढलेली लाल रेघ त्यांनी दाखवली. "जखमेतलं विष रक्तात भिनतंय. आज मनगट चिरून पू काढला नाही, तर हात कापावा लागेल. तेवढ्यानंही भागेलच असं नाही."

मी पोशीर गावची. रोपं टाकण्याआधी भाताच्या वाफ्यात राब, म्हणजे फांद्या-पाचोळा, जाळायला फांद्या तोडताना करवंदीचा काटा मनगटात मोडला. चुलीतली राख दाबली, चिंधी बांधली आणि कामाला लागले. आमच्याकडे सगळ्याच तसं करतात. मग हुडहुडी भरली, हात टम्म फुगला, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, बैलगाडीतून कर्जतच्या दवाखान्यात आणलं.

बांगड्या मांसात रुतल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, त्या फोडाव्या लागतील.

"नाय," आत्याबाई दारात आडव्या झाल्या. "माझा ल्योक घाटात ठाकूरवाडीला रुळाच्या कामावर हाय. त्याच्या जिवावर उठता का?"

डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "रक्तात पांढऱ्या पेशी असतात. घाण शिरली की त्या धावून जातात, जंतूंना गिळतात, स्वतःही मरतात. त्याचाच पू होतो. सूज आणि ताप ही त्यांची झुंज. पण जंतू आवरेनासे झाले की ती झुंज अंगभर पेटते आणि आपलंच शरीर होरपळतं."

मला ते पटकन कळलं. राब पेटवला की आम्ही ओल्या डहाळ्या घेऊन कडेला उभ्या राहतो. आग वाफ्यात राहिली तर ठीक, बाहेर पडली तर आपलीच गवताची गंजी जाते.

"आत्याबाई," मी म्हटलं, "हातच गेला तर बांगड्या कशात भरू?"

"तोंड लई चालतं तुजं," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मला भीती वाटत होती, पण थांबायला वेळ नव्हता. मी मनगट खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. कळ मस्तकात गेली. बांगड्या फुटल्या. डॉक्टरांनी लगेच मनगट चिरून पू काढला.

पुढचे दिवस ताप, मिठाच्या गरम पाण्याचा शेक आणि वर टांगलेला हात, एवढंच आठवतं. डॉक्टर रोज सकाळी लाल रेघेच्या टोकाशी शाईची खूण करत. खूण हळूहळू मनगटाकडे सरकली. आत्याबाई मला पेज भरवत, पण लक्ष सगळं दाराकडे. एका दुपारी हे घाटातून उतरून आले, चांगले धडधाकट. आत्याबाईंनी बैल पारखावा तसा त्यांना सगळीकडून चाचपलं.

दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत, पण लावणी करते, भाकरी थापते. त्या डॉक्टरांचे उपकार विसरणार नाही. बायांनो, जखमेत राख दाबू नका. हात सुजायला लागला की आधी बांगड्या उतरवा आणि दवाखाना गाठा.

पुढच्या राबाला शेजारच्या सुनेचा हात असाच सुजला. गडी गाडी जुंपत होता. मी धावत गेले, तर आत्याबाई तिचा हात मांडीवर घेऊन, फडक्यात धरून एकेक बांगडी फोडत होत्या.

"रडू नको गं," त्या म्हणत होत्या. "तुजा नवरा कुठं जात नाय. माझा ल्योक गेला का?"