विहिरीपासून सहा फूट

पाचशे बारा पानं मी पेन्सिल हातात घेऊन वाचली, आणि शेवटचं पान उलटल्यावर साबणानं हात धुतले. बायको म्हणाली, "पुस्तक वाचलं का गोठा काढला?" गोठा काढल्यावर निदान गोठा स्वच्छ होतो.

कादंबरी चुलतभावानं बीडच्या बसस्थानकावर घेतली होती. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दोन दिवसांत वाचून त्यानं ती माझ्या हातात दिली. "दादा, लई भारी हाय. वाचच." समुद्रापलीकडच्या पेरू देशातल्या इंका राजांचं सोनं, ते लुटायला आलेले स्पॅनिश शिपाई, एक राजकन्या, आणि तिच्या प्रेमात पडलेला त्यातलाच एक शिपाई. सोनं डोंगरावरच्या तळ्यात बुडवलेलं. ते शोधायचं आणि मधल्या वेळात एकमेकांना मिठ्या मारायच्या, एवढीच गोष्ट.

मी जमिनीच्या मोजणीचं काम करतो. नेकनूरच्या आसपासच्या बऱ्याच शेतांच्या हद्दी माझ्या पायाखालून गेल्या आहेत. आकडा चुकला की दोन भावांत कुऱ्हाडी निघतात, हे पाहिल्यामुळे मला चुकीचा आकडा सहन होत नाही. त्या कादंबरीत पानोपानी आकडे होते, आणि सगळे खोटे. नायक सोन्यानं भरलेली पेटी खांद्यावर घेऊन कडा उतरतो. पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड. मी समासात हिशोब मांडला: जवळजवळ अकराशे किलो. म्हणजे दोन म्हशी. दुसऱ्या हातावर शिवाय राजकन्या, दागिन्यांसकट. पुढे चाळीस मजूर तीन दिवसांत तळ्याचा काठ फोडून सगळं पाणी खाली सोडतात. तळं दोन मैल लांब दिलंय. तीन दिवसांत चाळीस माणसांकडून शेततळं होत नाही.

मला शिसारी आली ती या नेमकेपणाची. लेखकानं "खूप सोनं" म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण त्यानं सात हात, एकवीस पावलं, ओझ्याचे तीनशे चौदा लामा प्राणी असं लिहिलं होतं. खोट्याला आकडा जोडला की वाचणारा मान डोलावतो, हे त्याला ठाऊक होतं.

पुस्तक परत द्यायला गेलो तर चुलतभाऊ बाजेवर बसून वाटच पाहत होता.

"दोनशे साठावं पान वाचलंस का?"

त्या पानावर राजकन्या कसल्याशा मुळीचा रस पिते आणि तिला जमिनीखालचं सोनं दिसायला लागतं.

"वाचलं. मूर्खपणा आहे."

"मूर्खपणा कावून? तिच्यासारखा माणूस आपल्या घरात हाय."

"कोण?"

"तूच की!"

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे पायाळू माणसाबद्दल दोन समजुती पक्क्या आहेत. एक, त्याची लाथ बसली की पाठीत भरलेली उसण जाते. लहानपणापासून मी गावातल्या कितीतरी पाठींना हलकी लाथ मारली आहे. फरक पडला की नाही याची मोजदाद नाही, पण नाही कुणाला म्हटलं नाही. दुसरी, पायाळूच्या हातावर अंजन घातलं तर त्याला पुरलेलं धन दिसतं. ही दुसरी समजूत मी आयुष्यभर टाळत आलो होतो.

माझं पायाळूपण गावभर सांगितलं ते काकूनं, म्हणजे या चुलतभावाच्या आईनं. तिनंच माझ्या आईचं बाळंतपण केलं. पाय दिसल्यावर इतर बायांनी हात टेकले होते. काकूनं आईला धीर देत, मला अर्धा तास तोलत बाहेर काढलं. आई वाचली, मी वाचलो. आता काकू ऐंशीच्या घरात आहे, आणि शेतातल्या पत्र्याच्या खोलीत एकटीच राहते, कारण तिला गावातल्या घरात करमत नाही. खोलीसमोर तिच्या सासऱ्यानं बांधलेली दगडी विहीर. वस्तीवरची पाच घरं उन्हाळ्यात त्याच विहिरीवर पाणी भरतात.

चुलतभावाचं म्हणणं, धन तिथंच आहे. निजामाच्या काळात पळून जाणाऱ्या कुणीतरी पुरलेलं. पुरावा म्हणून तो कादंबरी दाखवायचा. "पळणारा माणूस पाण्याजवळच पुरतो. तिकडं पेरूत बी पाण्यातच ठिवलं ना?"

महिनाभर त्यानं माझा पिच्छा पुरवला. मग एका सकाळी अंजनवाल्यालाच घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, दोन्ही हातांत अंगठ्या, तोंडात गुटखा. "दादा, एकदाच. न्हाई दिसलं तर पुन्हा नाव काढणार न्हाई. आईची आन."

मला बारा वाजता लिंबागणेशला मोजणी होती. म्हटलं, एकदाचं संपवून टाकू.

विहिरीपाशी पंचवीसेक माणसं जमली होती. मला उन्हात पाटावर बसवलं. अंजनवाल्यानं एरंडेलात खललेली काजळी माझ्या तळहातावर थापली. तिला जळक्या केसांचा वास येत होता. तो माणूस माझ्या कानाशी मंत्र पुटपुटत होता आणि गुटख्याचे तुषार माझ्या कानावर पडत होते. तो ओला कान मला अजून आठवतो.

"काय दिसतंय?"

"काळं."

"नीट बघा."

"काहीच दिसत नाही."

"दिसतंय, पण सांगत न्हाईत," तो लोकांना म्हणाला. "पायाळू माणूस एकट्याला ठिवायला बघतो."

माणसं हसली. कुणीतरी ओरडलं, "मोजणीवाले, वाटणी बी मोजून करू, भिऊ नका!"

असं चार वेळा झालं. साडेअकरा वाजले. काकू खोलीच्या दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "सोडा रं त्याला, ऊन लागंल." कुणी ऐकलं नाही.

पाचव्या वेळी मी बोट केलं. "तिथं. विहिरीपासून सहा फूट. नऊ फूट खोल."

हे खोटं मी विचार करून बोललो. त्या रानात साडेतीन-चार फुटांवर कडक मुरूम लागतो, हे मला माहीत होतं. पहार लावतील, हात फुटतील, दुपारपर्यंत कंटाळून जातील, असा माझा हिशोब. सहा आणि नऊ हे आकडे आपोआप तोंडातून आले. आकडे सांगताच दोघंजण पहारी आणायला पळाले. चुलतभावाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी हात पुसत लिंबागणेशला गेलो.

तिसऱ्या दिवशी मी लिंबागणेशलाच मोजणीवर होतो, तिथं चुलतभाऊ धावत आला. "दादा, मुरूम लागलाच न्हाई! पाच फुटाच्या खाली गेलो, माती भुसभुशीत हाय. कुणीतरी आधी खांदलेलं हाय तिथं!"

बांधीव विहीर खणताना खड्डा मोठा घेतात, आत दगडाचं बांधकाम करतात आणि मागची जागा माती-दगडानं भरून काढतात. ती भर त्यांना लागली होती. वीस वर्षं जमीन मोजणाऱ्या माणसाला बोट करताना हे सुचलं नव्हतं.

"थांबव," मी म्हणालो. "ती विहिरीची भर आहे. मला काहीही दिसलेलं नाही. मी खोटं बोललो."

तो हसला. "अंजनवाला म्हणलाच होता. धन जवळ आलं की पायाळू पलटी मारतो म्हणून."

तो मोटारसायकलवर पुढे निघून गेला, मी मागोमाग शेताकडे निघालो. बस चुकली, रिक्षा मिळाली नाही; पोचायला तास गेला. तोवर त्यांनी खड्डा विहिरीच्या बाजूनं रुंद केला होता. खणणारे जेवायला वर आले होते म्हणून माणसं वाचली. आमच्या डोळ्यांदेखत विहिरीचा एक दगड हलला, मग त्याच्याखालचा, आणि मग ती सगळी बाजू खड्ड्यातल्या मातीसकट आत गेली. आवाज फार झाला नाही. धुरळा खाली बसला तेव्हा पाण्याच्या जागी दगड आणि चिखल दिसत होता.

अंजनवाला त्याच संध्याकाळी निघून गेला. जाताना म्हणाला, धन सरकलं.

पुस्तक मी चुलतभावाकडून परत आणलं. त्या आठवड्यात मी तळं फोडल्याचं पान पुन्हा काढलं. समासात माझी पेन्सिल होती: चाळीस मजूर, तीन दिवस, अशक्य. त्याच पानावर लेखकानं लिहिलं होतं की तळ्याकाठच्या गावातली माणसं रडत निघून गेली. दोन ओळी. पुढे ती माणसं कुठंच येत नाहीत. त्या दोन ओळी मी पहिल्यांदा वाचल्या होत्या आणि त्यांच्यापुढे काहीच लिहिलं नव्हतं, कारण त्यांत आकडा नव्हता. मला त्या पुस्तकाची किळस आलीच, पण पेन्सिलीच्या त्या नीटनेटक्या अक्षराची जास्त आली.

आता वस्तीवर टँकर येतो, एक दिवसाआड. काकू हंडे वाहते. सुनेला हात लावू देत नाही, मुलाशी बोलत नाही. मी गाळ काढायला आणि बाजू पुन्हा बांधायला माणसं लावली आहेत. दगडांमागची भर मी स्वतः उभा राहून मोजून घेतो. उन्हाळ्याआधी पाणी लागेल असं म्हणणार नाही. आता मला कुठल्याही खोलीचा आकडा सांगायची लाज वाटते.

गेल्या गुरुवारी काकू सकाळी माझ्या दाराशी आली. कंबरेवर हात. हंडा उचलताना उसण भरली होती.

"लाथ मार बाबा," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून वाकली.

"काकू, दवाखान्यात चल. मी नेतो."

"आधी मार. मग जाऊ." मग भिंतीकडे पाहतच तिनं विचारलं, "खरं सांग. तवा तुला काय दिसलं होतं?"

"काहीच नाही."

"मंग बोट कावून केलंस?"

मला उशीर होत होता, हे खरं उत्तर होतं. मी तेच दिलं. तिनं दोन्ही हात भिंतीला टेकवले.

"मार," ती म्हणाली.

तिनं ज्या पायांना धरून मला बाहेर काढलं, त्यातला उजवा मी तिच्या कंबरेला टेकवला. लुगडं टँकरच्या पाण्यानं ओलं होतं.

"जोरात," काकू म्हणाली. "असं भिऊन काय व्हतंय?"