बंद ठेवलेले दोन कोर

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, दुकानातल्या भागीदाराजवळ नाही – आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. मग आज तुमच्यापुढे काऊन बोलतोय? वैतागलोय म्हणून. स्वतःलाच वैतागलोय, दुसऱ्या कुणाला वैतागणार?

परवा एक गिऱ्हाईक आलं. त्याच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम चढत नव्हती; हे मशीन चालणार नाही, असं पडद्यावर यायचं. मी बायोसमध्ये गेलो – मशीन सुरू होताना आतल्या सेटिंगची जी पानं उघडतात, तिथं – आणि बंद ठेवलेली एक सोय चालू केली. झालं काम. माणूस असा खूश झाला की सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "दिगंबरभाऊ, मशीनीच्या पोटातलं तुमालेच समजते!"

मला इतका संताप आला की मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. त्याचा काय दोष? काही नाही. पण असंच कुणीतरी म्हणावं म्हणून मी एके काळी काय करून बसलो, ते त्याला कुठं माहीत?

आदिलाबादेत दुकान टाकून मला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. त्या काळच्या काही चिपांची एक गंमत होती. आत चार कोर असायचे – कोर म्हणजे काम करणारे चार गडी समजा – पण कंपनी त्यातले दोन बंद करून दोनाची चिप म्हणून विकायची. काही मदरबोर्डांच्या बायोसमध्ये ते बंद कोर उघडायची सोय असे. कधी ते चांगले निघत, नुसतेच बंद ठेवलेले. कधी खराब म्हणूनच बंद केलेले असत. बाहेरून कळायला मार्ग नाही, आणि उघडले तर हमी नाही. हे मला माहीत होतं बरं का. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही मला.

शोभावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर पांढरकवड्याचं, सासर आमचं भीमपूर. लग्नाआधी मराठी टायपिंग शिकून आलेली. आमच्याकडे लग्नपत्रिका छापायची म्हणजे तेव्हा डोकेदुखी. आदिलाबादच्या छापखान्यात सगळे तेलुगू टाइप करणारे, मराठी पत्रिकेत काना एकीकडे नि वेलांटी दुसरीकडे. लोक वैतागून पांढरकवड्याला जायचे. वहिनी म्हणाली, मी घरी करून देते ना, छापखान्यानं फक्त छापावं. दादा आधी हसला, मग तयार झाला. कॉम्प्युटर अर्थातच मी जोडला.

आणि ते दोन कोर उघडले.

कोणी सांगितलं होतं? पत्रिका करायला दोन कोर म्हणजे डोक्यावरून पाणी. पण मला दाखवायचं होतं. उघडल्यावर चिपचं तापमान दिसायचं बंद झालं – नुसतं शून्य. एवढ्यावरूनच शंका यायला हवी होती. थंडीचे दिवस होते, मशीन चालत होतं, मी ते सोडून दिलं. वहिनीला ऐटीत म्हणालो, "दोनाच्या भावात चार दिले तुमाले!" तिला त्यातलं काही समजलं नाही. तरी कौतुकानं हसली. बाजारात तर मी हे कुणाकुणाला सांगितलं नसेल?

वहिनीचं काम फार नेटकं. पत्रिका करायच्या आधी घरच्यांना विचारायची – कोणता काका आधी, आत्याचं नाव घालायचं की नाही. गावागावांतून लोक येऊ लागले. ती जरा ताठ चालायला लागली होती, असं आता आठवतं.

उन्हाळा लागला आणि मशीन अडू लागलं. मधेच थिजायचं, आपोआप बंद होऊन सुरू व्हायचं, केलेली फाईल उघडायची नाही. वहिनीचा फोन यायचा. मी काय म्हणायचो? तुम्ही नीट बंद करत नाही. लाईटीचा दोष आहे. कापसाचा धुरळा जातो आत. दर वेळी काहीतरी नवं, आणि दर वेळी तिच्या नाहीतर घराच्या माथी. तिनं मशीनला गवसणी शिवली. मशीनपुढं बसायच्या आधी हात साबणानं धुऊन कोरडे करू लागली – मी स्वतः पाहिलं. पाहिलं, आणि गप्प बसलो.

संशय आला नव्हता का? आला होता हो! दोन मिनिटांचं काम होतं. बायोसमध्ये जायचं, ते कोर पुन्हा बंद करायचे. पण मग सांगावं लागलं असतं ना, की बंद काऊन केले.

मग ते लग्न आलं. पत्रिका तयार होती, छापखान्यात नेऊन द्यायची होती, आणि ऐन वेळी फाईल उघडेना. वहिनीनं घाईघाईत दुसऱ्या घरच्या पत्रिकेत नावं बदलून नवी केली. सगळी बदलली. फक्त नवरीच्या आजोबांच्या नावाआधीचं 'कै.' तेवढं राहून गेलं. पत्रिका छापल्या, गावोगाव वाटल्या गेल्या.

आजोबा जिवंत होते. पत्रिका हातात घेऊन ते स्वतः दादाच्या घरी आले. ओरडले नाहीत, भांडले नाहीत. बाजेवर बसले आणि म्हणाले, "मी तं अजून जेवून राह्यलो ना व बाई."

वहिनी दारात उभी होती, पदर दोन्ही हातांनी धरून. पत्रिकेतली चूक कानावर आली तेव्हाच दादानं मला बोलावून घेतलं होतं. चार लोक जमलेले. त्यानं सरळ विचारलं, "दिगंबर, खरं सांग. मशीनीत काई खराबी हाय का?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी एवढंच सांगतो, की तिनं पाहिलं.

मी म्हणालो, "मशीन चांगली हाय दादा. वहिनीचा हातच बसला नाई अजून."

झालं. दादानं त्याच दिवशी कॉम्प्युटर उचलून माझ्यासोबत पाठवून दिला. दुकानात आल्यावर मी पहिलं काम केलं ते कोर बंद करायचं. त्यानंतर ते मशीन माझ्याच गल्ल्यावर कित्येक वर्षं चाललं, एकदाही अडलं नाही. वहिनी एकदा बाजाराला आली तेव्हा तिनं ते पाहिलं. "चालते का हो भाऊजी आता?" मी म्हणालो, हो, साफ केलं जरा. तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, तोंडावर दिसत होतं.

मला तिचाही राग यायचा. एकदा तरी भांडायचं! माझी फाईल गेली, मी काय करू, असं त्या चार लोकांपुढं म्हणायचं! – बघा, पुन्हा तिच्याच माथी मारतोय.

पत्रिका तिनं पुन्हा केल्या नाहीत. कुणी विचारायला आलं तर दादाच परस्पर नाही म्हणायचा, नि नंतर लोकांनी विचारणं सोडलं.

मागच्या महिन्यात भीमपूरला गेलो होतो. पुतण्या हैदराबादला असतो, त्यानं आईला मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिलाय. मी दारात चपला काढत होतो. फोन वाजत होता, पडद्यावर पोराचा फोटो. वहिनी हातभर अंतरावर बसलेली. तिनं हात लावला नाही. शेजारणीला हाक मारली, ती आली नाही, फोन वाजून वाजून बंद पडला.

मी आत जाऊन तो पुन्हा लावला आणि तिच्या कानाशी धरला. बोलणं झाल्यावर म्हणाली, "बरं झालं भाऊजी, तुमी आले. माह्या हातून बिघडला असता."

मग तिनं चहा केला. मी प्यालो.

खराबी मशीनीत होती. ती मी घातली होती. आणि दादानं विचारलं तेव्हा मला ते माहीत होतं.