मार्थाबाईंच्या विहिरीवर

मी सतरा वर्षं फौजेच्या इंजिनिअर्समध्ये होतो. सॅपर म्हणून भरती झालो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची पोस्टिंग उंचावरच्या एका चौकीवर होती. तिथे बंकरमध्ये उबेसाठी रॉकेलची बुखारी जळायची. दर दोन तासांनी पहाऱ्यावरचा संत्री आत येऊन हवेचं भोक मोकळं आहे का ते बघायचा. बुखारीचा वायू दिसत नाही, त्याला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. नव्या जवानांना हे मीच शिकवत असे. आधी हे सांगतो, कारण पुढे जे झालं ते मला ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

निवृत्तीनंतर मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो. आमची ख्रिस्ती मंडळी लहान. पुरुष संगती शनिवारी सकाळी सहाला भरते. एक गीत, एक शास्त्रपाठ, मग प्रत्येकाने आपला आठवडा खरा खरा सांगायचा. कोणी बायकोवर हात उचलला, कोणी भावाशी बोलणं टाकलं, ते तिथे बोललं जायचं. सात वाजता काम. कोणाचं छप्पर, कोणाचं कुंपण. कामाची जबाबदारी पाळकसाहेबांनी माझ्याकडे दिली होती. माणसं मला फौजी म्हणत.

शांतवन गवंडी होता. एक्केचाळीस वर्षांचा, बोलायला कमी. संगतीतल्या प्रकाशची दारू सुटावी म्हणून तो आठ महिने रोज सकाळी त्याच्या घरी जात होता. उपदेश नाही. दोघं चहा पीत, एक अध्याय वाचत, सोबत कामाला निघत. मधे एकदा प्रकाश प्यायला. दुसऱ्या दिवशीही शांतवन वेळेवर दारात होता.

मे महिन्यातला शनिवार. मंडळीतल्या मार्थाबाई विधवा, एकट्या राहायच्या. त्यांच्या विहिरीत गाळ भरला होता. तो काढायचा ठरलं. विहीर चाळीस फूट. तळाचं पाणी उपसायला आम्ही डिझेल इंजिन दोराने आतल्या कपारीवर उतरवलं. वर ठेवलं तर पाणी ओढत नव्हतं. आठ वाजून दहा मिनिटांनी इंजिन बंद झालं. गुडघाभर पाणी राहिलं. ऊन चढत होतं, सगळ्यांना घाई होती.

आठ चाळीसला प्रकाशने विचारलं, "फौजी, उतरू का?"

मी वाकून पाहिलं. धूर दिसत नव्हता.

"जा," मी म्हणालो.

दोराच्या शिडीने तो उतरला. पाण्यात दोन पावलं टाकली, भिंतीला हात लावला आणि खाली बसला. मला वाटलं पाय घसरला.

"प्रकाश!"

त्याने मान वर केली. तोंड उघडलं, शब्द आला नाही. मग तो पाण्याकडे झुकला. त्या क्षणी मला बंकर आठवला.

"थांबा! कोणीही उतरू नका!"

शांतवनचा पाय तोवर शिडीवर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. "त्याचं तोंड पाण्यात जाऊन राह्यलं," एवढंच म्हणाला आणि उतरला. अंगाला दोर नाही, काही नाही. आम्ही वरून बघत होतो. त्याने प्रकाशला काखेत धरून कपारीवर टेकवलं. स्वतः शिडीकडे वळला. एक हात शिडीला लागला. मग तो पालथा पाण्यात पडला.

आठ शेहेचाळीस.

शांतवनचा थोरला भाऊ शमुवेल माझ्या बाजूलाच उभा होता. त्याने शिडी धरली. मी त्याला मागून कवळ घातली आणि जमिनीवर पाडलं.

"सोड बे! माहा भाऊ हाये तो!"

"खाली हवा नाही. तू गेला तर तुलेही काढा लागन."

"मरून राह्यला तो! काऊन अडवतं मले?"

त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला. मी सोडलं नाही. दोघांना त्याच्या अंगावर बसवलं. असा आदेश मी फौजेतही कधी दिला नव्हता.

मार्थाबाईंच्या बांधापलीकडे रफिकभाईंचं विहिरीचं काम चालू होतं. त्यांच्या ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर होता. मी फोन लावला.

"रफिकभाई, दोन माणसं विहिरीत पडली. गॅस आहे. कॉम्प्रेसर आणा."

"आया," ते म्हणाले. दुसरा प्रश्न नाही. बांध तोडून ट्रॅक्टर आणला. आठ बावन्नला हवेची नळी खाली सोडली. कॉम्प्रेसरच्या आवाजात कोणाचंच बोलणं ऐकू येईना. पाळकसाहेब डोळे मिटून उभे होते. मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "प्रार्थना करता करता दोर धरा."

त्यांनी डोळे उघडले आणि दोर धरला.

पाच मिनिटं हवा सोडली. ती पाच मिनिटं शमुवेल रडत नव्हता, नुसता माझ्याकडे बघत होता. मग मी छातीला दोर बांधला. "एक झटका, थांबा. दोन झटके, ओढा. मी बोललो नाही तर विचार करू नका, ओढा." श्वास कोंडून उतरलो, नळीच्या तोंडाशी जाऊन घेतला. आधी शांतवनला पालथ्याचं उताणं केलं. त्याला दोर बांधला. दोन झटके. मग प्रकाश. त्याचा श्वास चालू होता.

नऊ पाचला दोघं वर होते. शांतवनची छाती मी दाबत राहिलो. ॲम्ब्युलन्स आली तोवर दाबली, गाडीतही दाबली. दवाखान्यात डॉक्टरांनी माझे हात धरून बाजूला केले.

प्रकाश चौथ्या दिवशी बोलला. पहिलं वाक्य होतं, "शांतवनभाऊ कुठी हाये?" मी सांगितलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

फौजेत अशा घटनेनंतर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. मंडळीत मला कोणी काही विचारलं नाही. उलट जीव वाचवला म्हणून माणसं माझा हात हातात घेत होती. ते मला सोसवेना. पुढच्या शनिवारी प्रत्येकाचा आठवडा सांगायची वेळ आली तेव्हा मी उभा राहिलो. "इंजिन आत ठेवायला हो मी म्हटलं. धोका मला माहीत होता. प्रकाशले जा म्हणणारा मीच." आणि बसलो.

मग शमुवेलने विचारलं, "मले सोडलं असतं तर?"

"तूही गेला असता."

तो उठून निघून गेला. चार महिने तो संगतीला आला नाही. रस्त्यात दिसला तर मान फिरवायचा. पाचव्या महिन्यात एका शनिवारी आला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. क्षमा केली असं तो म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. गीत सुरू झालं तेव्हा माझं पुस्तक घरी राहिलं होतं. त्याने आपलं मधे धरलं.

शांतवनची कबर गावाबाहेरच्या आमच्या दफनभूमीत आहे. त्याच्यामागे बायको आणि दोन मुली आहेत. मी तिथे जातो तेव्हा टोपी काढून उभा राहतो. सोबतचे चार जवान मी नोकरीत गमावले. ते सगळे आदेशावरून पुढे गेले होते. शांतवनला कोणी जा म्हटलं नव्हतं. मी तर थांब म्हटलं होतं. तीन वर्षं तो शनिवारच्या कामात माझ्या हाताखाली राबला, आणि माझी तेवढी एकच गोष्ट त्याने ऐकली नाही.