रॉयसाहेबांचे सुटलेले झेल

कार्डिफच्या आमच्या गल्लीत कोणी काहीही फेकलं, की रॉयसाहेब आधी "माझा" म्हणून ओरडायचे आणि मग हात पुढे करायचे. आम्ही राहायला आलो त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं, निखिलनं, वरच्या खिडकीतून माझ्याकडे गाडीच्या किल्ल्या टाकल्या. मी ओंजळ पसरून उभी होते. तेवढ्यात शेजारच्या फाटकातून काठी टेकत आलेल्या एका उंच, नव्वदीला पोचलेल्या म्हाताऱ्यानं त्या मधल्यामध्ये एका हातात झेलल्या, अदबीनं माझ्या ओंजळीत ठेवल्या आणि ओळख करून दिली: रॉय, रिटायर्ड आउटफिल्डर.

आउटफिल्डर म्हणजे बेसबॉलमधला, सीमेजवळ उभा राहणारा क्षेत्ररक्षक. हे त्यांनी आमच्याच घरी आमचाच चहा पीत मला समजावलं. ते पेनसिल्व्हेनियातल्या खाणकामगाराचे चिरंजीव. शाळा संपते न संपते तोच एका छोट्या क्लबनं त्यांना पगारावर घेतलं आणि बसमधून गावोगाव हिंडवलं. "मी अमेरिका पाहिली ती वाळत घातलेल्या मोज्यांच्या फटीतून," ते म्हणायचे. मधेच सैन्यात भरती झाली, इंग्लंडमध्ये पोस्टिंग मिळालं आणि नाचाच्या एका कार्यक्रमात कार्डिफची नर्स ग्वेन भेटली. तिला घेऊन ते परत गेले, एका मोसमापुरते अगदी वरच्या लीगमध्ये पोचले आणि पुढच्याच वर्षी चेंडूमागे धावताना भिंतीवर आपटून गुडघा गमावून बसले. ग्वेन म्हणाली, तुझ्या बसमधून पुष्कळ हिंडले, आता माझ्या गावी चल.

पण कार्डिफचा बेसबॉल निराळाच. चेंडू खालून टाकायचा, बॅट चपटी आणि फटका मागच्या बाजूलाही मारता येतो. अमेरिकेचा खरा खेळाडू आलाय म्हणून मैदानाभोवती गर्दी जमली आणि साहेब पहिल्याच चेंडूवर आउट. मग ते सवयीनं लांब जाऊन उभे राहिले, तर सगळे चेंडू बॅट्समनच्या पाठीमागे जाऊ लागले. पुढे त्यांनी एका शाळेत केअरटेकर म्हणून नोकरी केली, माणसं जोडली, पण गल्ली त्यांना ओळखायची ती त्या पहिल्या चेंडूवरून. ही गोष्ट सांगताना सगळ्यांत आधी हसू त्यांनाच यायचं.

आई गेल्यावर मी बाबांना नागपूरहून इकडे आणलं. बाबा गणिताचे मास्तर आणि रविवारचे क्रिकेट अंपायर. इथं आल्यापासून ते नुसते खिडकीशी बसून असायचे. आईचं नाव निघालं की उठून आतल्या खोलीत जायचे. मी रॉयसाहेबांना हे बोलता बोलता सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "अंपायर आहेत?" आणि दुसऱ्या सकाळी ते आमच्या दारात हजर.

"मला तरुणपणापासून एका अंपायरशी भांडायचंय," ते बाबांना म्हणाले. "तो कधीच वारला. तुम्ही चालाल."

तेव्हापासून दोघं पार्कातल्या बाकावर बसून भांडायला लागले. बाबांचं इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातलं, साहेबांचं खाणीतलं. एकदा बाबा वैतागून घरी आले. "त्या माणसाला एलबीडब्ल्यू समजतच नाही, बापा. उद्या पुन्हा जावं लागेल," असं म्हणत त्यांनी स्वतःहून पोळी वाढून घेतली.

एका दुपारी मी त्यांना थर्मास द्यायला गेले, तेव्हा बाबा त्यांना आयुष्यातला सर्वोत्तम झेल विचारत होते. साहेबांनी सांगितला तो सुटलेला. वरच्या लीगमधला सामना, भरलेलं मैदान, सोपा झेल. डोळ्यांवर ऊन आलं आणि चेंडू पायाशी पडला.

"आणि पुढचा?" बाबांनी विचारलं.

"पुढचाही माझ्याकडेच आला. मी मागच्याचं दुःख करत उभा होतो, म्हणून तोही सुटला." साहेब मनापासून हसले, मग म्हणाले, "दुःख करावं, अंपायर. पण बाकावर, चार जणांत बसून. मैदानात एकट्यानं नाही."

बाबा हसले नाहीत. टोपी काढून बराच वेळ ती साफ करत राहिले.

गेल्या हिवाळ्यात साहेब झोपेतच गेले. अंत्यविधीनंतर हॉलमध्ये चहा होता. साहेबांच्या मुलीनं, मेगननं, बाबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. बाबा टाय सारखा करून उभे राहिले आणि गणिताच्या तासाला बोलावं तसं म्हणाले, "ते रोज माझ्याशी वाद घालत. बहुतेक वेळा ते चूक असत. असा माणूस मला पुन्हा मिळणार नाही." हॉल हसला, आणि मेगनही डोळे पुसत हसली.

गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "तुझ्या आईलाही माझा निर्णय कधी पटायचा नाही." मी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. नवीन लग्न झालेलं असताना त्यांनी एका सामन्यात आईच्याच भावाला आउट दिलं होतं, आणि आईनं आठवडाभर वरणात मीठ घातलं नव्हतं. बाबाही हट्टानं तेच वरण मागून मागून खात होते. मला हे काहीच माहीत नव्हतं. बाबा सांगत राहिले, मधेच हसत राहिले. आमच्या गल्लीचं वळण आलं, तेव्हा निखिलनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी सरळ समुद्राच्या दिशेनं पुढे नेली.