साडूची लाल फुली

माझा साडू दगडाच्या खाणीत लोडर चालवायचा आणि मी सुरुंग भरायचो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे त्याच्या घरात जे काही चांगलं घडे ते त्याच संध्याकाळी माझ्या ताटाशी येऊन पोचे.

माणूस बोलका. कुणालाही दोन मिनिटांत आपलंसं करायचा. मी चारचौघांत तोंड उघडलं की शब्द घशातच अडकतात.

आमच्या खाणीचा कडा पायऱ्यांसारखा खाली उतरत गेलेला. तिसऱ्या पायरीच्या वरच्या कपारीत घुबडाची जोडी दरवर्षी अंडी घालते, हे बारा वर्षं फक्त मला ठाऊक होतं. एकदा डबा खाताना साडूजवळ बोलून गेलो.

पुढच्याच महिन्यात वरून हुकूम आला की खाणीतल्या पशुपक्ष्यांची नीट निगा राखायची. मॅनेजरांनी सगळ्यांना गोळा करून विचारलं, "पाखरांची माहिती कुणाला आहे?" मी बुटांकडे बघत वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात साडूचा हात वर. "साहेब, तिसऱ्या पायरीवर घुबडं आहेत!"

त्याला हिरवी टोपी मिळाली आणि 'घुबडमास्तर' हे नाव. काम मात्र त्याने जीव लावून केलं, हे लिहायलाच हवं. पाण्याने भरलेल्या जुन्या खड्ड्याचा एक काठ त्याने उतरता केला, आत पडलेल्या सशा-कोल्ह्यांना बाहेर येता यावं म्हणून. मातीच्या ढिगांवर आसपासचंच गवत पेरलं. गाळ ओढ्यात जाऊ नये म्हणून बांध घातला. प्रत्येक वेळी मला वाटायचं, हे मलाही सुचलं असतं.

घरी बायको म्हणे, "भावजींचा फोटो लागलाय ऑफिसात. तुमचा कुठून लागणार, ओळखपत्रावरसुद्धा डोळे मिटलेत."

एका सकाळी तिसऱ्या पायरीवर सुरुंग भरायला गेलो, तर कपारीच्या बरोबर खाली लाल फुली आणि फुलीवर ताजं भोक. त्याच रांगेत आणखी सहा भोकं. आम्हा सुरुंगवाल्यांत लाल फुली म्हणजे 'इथे भोक पाडा'. साडूचा जन्म लोडरवर गेलेला, त्याला लाल म्हणजे 'थांबा'. घरटं वाचवायला त्याने फुली मारली होती आणि ड्रिलवाल्याने इमानेइतबारे तिथेच ड्रिल चालवलं होतं.

वरून दोन पिल्लं माझ्याकडे टकामका बघत होती.

मी सुरुंगाची पेटी उघडली नाही. नुसता बसलो. कागदोपत्री माझी काहीच चूक नव्हती. सुरुंग उडाला असता तर घुबडं गेली असती, हिरवी टोपीही गेली असती आणि दोष सगळा त्याच्या फुलीला. हा विचार मी बराच वेळ केला. किती वेळ, ते सांगायची लाज वाटते.

खालून मॅनेजर ओरडले, "काय हो, झालं का भरून?" त्यांच्या शेजारी साडू उभा होता, मला हात करत.

"नाही भरणार," मी म्हणालो.

"का?"

"माझी घुबडं आहेत वर."

खाली हशा पिकला. "तुमची? पाळलीत कधी?" ड्रिलवाला म्हणाला.

साडू धापा टाकत वर आला. फुली पाहिली, भोक पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग खाली वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "त्यांचीच आहेत! मला त्यांनीच सांगितलं होतं. आणि ही गाढवासारखी फुली माझी!"

मॅनेजरांनी ती रांग सोडून दिली. साडू मला म्हणाला, "साडूभाऊ, वाचवलंत हो." थोड्याच वेळात तो ड्रिलवाल्याबरोबर स्वतःच्याच फुलीवर हसत चहा पीत होता.

मी तिथे बसून कसला विचार करत होतो, ते त्याला अजून सांगितलेलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर फुलीबद्दलही बोललो नसतो. टोपीपेक्षा त्याच्या या मोकळेपणाचाच हेवा मला जास्त वाटतो.