झेंड्याला दिलेली खळ

आयन्थी ऑलिव्हिएरच्या हातची खळ अशी, की साहेबाची पॅन्ट भिंतीशी ठेवली तर ती आपली आपण उभी राहायची. आमच्या सेंट व्हिन्सेंट बेटावर आरारूट पिकतं, त्याची खळ ती. बायका तिच्या मागे तिचं कौतुक करायच्या, तोंडावर मात्र कधी नाही.

लहानपणी ती शाळेत गेली ती थोडीच. वर्षातून एकदा इंग्रजी साम्राज्याचा दिवस यायचा. पोरींनी पांढरे फ्रॉक घालून उन्हात उभं राहायचं, राजाचं गाणं म्हणायचं, मग एक पाव मिळायचा. राजा कोण, नकाशात एवढं जग लाल कशानं झालं, हे काही तिला उमगलं नाही. पाव गोड होता, एवढं उमगलं.

पुढे नवरा समुद्रात गेला तो आलाच नाही. तेव्हापासून टेकडीवरच्या मॅजिस्ट्रेट साहेबाच्या बंगल्यातले कपडे तिच्याकडे आले. साहेब बदलायचे, कमरेचा घेर बदलायचा, खळ तीच. भाऊ राजाच्या लढाईवर गेला आणि खोकला घेऊन परतला. मुलगा रॉल लंडनला बस चालवायला गेला. लहानपणी साहेब इथं येत होते, आता आपली पोरं तिकडे चाललीत, मग हे राज्य वाढतंय की आटतंय, याचा तिला पत्ता लागेना. एक दिवस शेवटचा साहेबही गेला. जाताना त्यानं तिचा हात हातात घेतला आणि एक गंजलेला टब ठेवून गेला. रडावं की हसावं ते न कळून तिनं टब घासून काढला.

मग ते एकोणऐंशी साल. एप्रिलात आमचा सुफ्रिएर डोंगर फुटला, गाव सोडून पळालो, परत आलो तर घरादारावर राख. ती झाडता झाडता ऑक्टोबर आला, आणि शाळेचे मास्तर बार्नवेल एक पुडकं काखेत घेऊन आयन्थीच्या दारात. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला टँटी म्हणतात, मावशी म्हणावं तसं.

"टँटी आयन्थी, हा आपला झेंडा. गोदामात राखेनं मळलाय. शनिवारी आपण स्वतंत्र होतोय, सकाळी मैदानावर चढवायचाय. तुमच्या हातानं धुवा."

"म्हणजे राणी गेली म्हणायची?"

"नाही, राणी आहे."

"आहे? मग गेलं कोण?"

मास्तरांनी टोपी काढली, परत घातली. "साहेब गेले."

"साहेब तर कधीच गेला. त्याचे शेवटचे मोजे मीच धुतले."

"टँटी, तुम्ही झेंडा धुवा."

तिनं झेंडा उलगडला. निळा, पिवळा, हिरवा, आणि मधोमध निरफणसाचं पान.

"हे झाड तर साहेबानंच बोटीतून आणलं ना, गुलामांना स्वस्तात पोसायला? माझी आजी सांगायची."

"आता ते आपलं आहे."

"खाऊन खाऊन आपलं झालं, असंच ना?"

मास्तर घाईनं निघाले. कुंपणापलीकडे शेजारीण क्लोथिल्डा मासे साफ करत होती, तिचे कान इकडेच.

"काय गं, साहेबाची धोबीण आता आमचं स्वातंत्र्य धुणार?"

"मग कुणी धुवायचं? तुझ्या हाताला माशांचा वास."

बोलली खरी, पण लागलं. साहेबाची धोबीण. बंगल्यात पाऊल टाकल्यापासून हे नाव तिला चिकटलं होतं, कुठल्या साबणानं निघत नव्हतं. तिनं मनाशी धरलं, शनिवारी झेंडा असा चढला पाहिजे की पुन्हा कुणाच्या तोंडी ते नाव येऊ नये.

आता झेंडा कसा धुतात, हे तिला कुठून ठाऊक? जुना झेंडा चौकीतला शिपाई पिंपात बुडवायचा, बाईमाणसाला हात लावू द्यायचा नाही. तिला माहीत गणवेश. कारखान्यातून तिनं एक नंबरचं आरारूट मागून आणलं, जे नेहमी बोटीवर चढायचं आणि आम्हाला दिसायचंही नाही. आपल्या झेंड्याला आपल्या मातीची खळ. एकदा दिली, वाटलं कमी आहे, म्हणून दुसऱ्यांदा दिली. जरा दमट असतानाच घडी घालून कोळशाची इस्त्री अशी दाबली, की त्या घडीवर चहाचा कप ठेवावा.

शनिवारी सगळं गाव मैदानात. बँड वाजला, सार्जंट हॅझेलनं दोरी ओढली, घडी वर गेली. त्यानं हिसका दिला. घडी उलगडेना. दुसरा हिसका दिला. खांबाच्या टोकाला एक चौकोनी पुडी, बस.

"सार्जंट, स्वातंत्र्य काय पार्सलनं आलंय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मी म्हटलं होतं ना!" क्लोथिल्डाचा आवाज सगळ्यांच्या वर. "साहेबाची धोबीण ती. बांधून ठेवलं हिनं!"

क्षणभर आयन्थीला स्वतःचीच शंका आली. आपण मुद्दाम तर केलं नाही? हात सवयीनं चालले, पण ती सवय कुणाची? उत्तर सापडायच्या आत ती खांबापाशी पोचली होती.

"हॅझेल, खाली घे."

"टँटी, सलामी चालू आहे. असा खाली घेता येत नाही."

"तुझी दुपटी धुतलीत मी. खाली घे म्हणते ना!"

झेंडा खाली आला. तिनं घड्या सोलल्या, पापडासारख्या कडकड वाजल्या. मग दोन्ही हातांनी धरून, नदीवर धुणं झटकतात तसा सगळा जोर लावून झटकला. आमच्याकडच्या वाऱ्याचं काही विचारायला नको. पांढरा फुफाटा उठला तो बँडवाल्यांवर, पाद्रीबाबांच्या काळ्या झग्यावर, सणाच्या हॅटांवर.

"डोंगर! डोंगर परत फुटला!" म्हातारा क्युपिड काठी टाकून पळाला, त्याच्यामागे अर्धं गाव. कुणी पोर काखोटीला मारलं, कुणी दुसऱ्याचंच उचललं.

क्लोथिल्डानं ओठ चाटले. "थांबा रे! राख नव्हे ही, आरारूट आहे!"

पळणारे थांबले, मग हसण्याचा जो लोट उठला, त्यात बँडलाही सूर सापडेना. झेंडा चुरगळलेला, चारी घड्यांच्या रेघा अंगावर घेऊन वर गेला आणि फडफडला.

नंतर शाळेत भाजलेला निरफणस आणि खारा मासा होता. भिंतीवर राणीची तसबीर जिथल्या तिथं, खिडकीतून आलेलं आरारूट काचेवर. सवयीनं आयन्थीनं कमरेला बांधलेल्या ॲप्रनचं टोक उचललं, राणीचा अर्धा चेहरा पुसला आणि थबकली.

"मास्तर, पुसायची की उतरवायची?"

मास्तर तसबिरीपासून एक पाऊल मागे सरले. "सोमवारी विचारून सांगतो."

"कुणाला विचारणार?"

मास्तर ताट घ्यायला वळले.

आरारूटानं केस पांढरे झालेली क्लोथिल्डा बाकावर सरकली. "ये गं धोबिणे, बस इथं. मासा गार होतोय."

आयन्थी बसली. या खेपेला क्लोथिल्डानं त्या नावातला एक शब्द गाळला, हे तिच्या ध्यानात आलं. भिंतीवर राणी अर्ध्या चेहऱ्यानं बघत होती. आयन्थीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा ताटाकडे, आणि निरफणसाचा तुकडा मोडला.