गोपाळदादाचा पाठलाग

गेल्या महिन्यात मालवणचे बाबूकाका सकाळच्या एस.टी.ने कुडाळला आले आणि आमच्या दारात उभे राहिले. माझ्या भावाचे ते शेजारी. त्यांचा चेहरा पाहूनच मी ओळखलं. "गोपाळ गेलो गो," ते म्हणाले. "च्या घेतल्यान, कप खाली ठेवल्यान नि मागे टेकलो, तो टेकलोच." डोळ्यांत पाणी आलं, पण त्याच्याही आधी मनात जे आलं ते लिहायला मला संकोच वाटत नाही... सुटलो आपण! माझा भाऊ स्वतःच्या ओट्यावर, चहा पिऊन गेला. पोलिसांच्या पहाऱ्यात नाही, तुरुंगात नाही, कुणाचा जीव घेऊन नाही. एके काळी त्याची अशी बातमी येईल ही आशा मी सोडून दिली होती.

आम्ही तीन भावंडं. गोपाळदादा थोरला, मी मधली आणि शिरी धाकटा. वडील लवकर गेले, तेव्हा दादाच आमचा बाप झाला. तो मुंबईत एका थिएटरात डोअरकीपर होता. अंधारात बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीवर बसवायचं आणि मग दाराशी उभं राहून तोच सिनेमा रोज बघायचा. थिएटरात इंग्रजी चित्रपट लागत, त्यातही घोडेस्वारांचे फार. मे महिन्यात घरी आला की अंगणात तो आम्हाला ते सांगे. इंग्रजी त्याला चार शब्द येत असतील, पण पाठलाग समजायला भाषा कशाला लागते? उघडं माळरान, पुढे पळणारा एक, मागे शोधणारा एक. शोधणारा घोड्यावरून उतरतो, विझलेल्या शेकोटीची राख चिमटीत धरून बघतो, आणि दादा म्हणायचा, "गरम आसा!" शिरी तेव्हा अंगावर काटा आल्यासारखा शहारायचा. पुढे काय झालं हे त्याला दहा वेळा ऐकूनही पुन्हा ऐकायचं असे.

शिरी मोठा झाला आणि माल वाहणाऱ्या एका मचव्यावर कामाला लागला; जगन्नाथ त्या मचव्याचा तांडेल, म्हणजे खलाशांचा मुख्य. कौलं घेऊन निघालेला तो मचवा वेंगुर्ल्याच्या पुढे वादळात उलटला. बाकीचे सगळे छोट्या होडीतून किनाऱ्याला लागले. शिरी आला नाही. मग एका खलाशाने गावात सांगितलं, की शिरी दोरीला धरून होडीच्या मागे होता आणि तांडेलाने ती दोरी कापली. जगन्नाथ त्याच आठवड्यात गाव सोडून नाहीसा झाला.

दादा मुंबईहून आला तो रडला नाही. आईला त्याने एवढंच म्हटलं, "मी त्याका शोधतलंय." पुढची काही वर्षं तो पावसाळ्यात थिएटरात काम करी आणि पाऊस संपला की बंदरं हिंडे. पिशवीत कपड्यांच्या खाली कोयता असे. एकदा मी तो काढून घेऊ लागले, तर माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "ठेव गो." आवाज चढवला नाही, त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. आता तो सिनेमे सांगत नसे. एकदा मीच विचारलं, तर म्हणाला, "सगळे एकच. भावाक मारल्यानी, मग तो मागे लागता." मी म्हटलं, "आणि शेवटी?" "शेवटी गावता." सापडतो, एवढंच.

जगन्नाथ गोव्यात आहे असं कळलं. तेव्हा तिथे पोर्तुगीज होते, शिरणं सोपं नव्हतं. दादा हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यापर्यंत जाई, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे बघत बसे आणि परत येई. दाढी वाढलेली, गाल बसलेले. आई त्याच्याकडे बघून म्हणायची, "ह्यो पण बुडालो काय गो?" गोवा मोकळा झाला तेव्हा सगळीकडे पेढे वाटले, माहेरी मात्र आई देवासमोरून उठेना, कारण आता दादाची वाट मोकळी झाली होती.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी दादा कुडाळला आमच्या दारात आला. मी त्याच्या हातांकडे बघितलं, मग सदऱ्याकडे. त्याला ते कळलं.

"गावलो," तो म्हणाला. "गोव्यात नाय, हयच रेडीक. खाणीर खनिजाची घमेली उचलता."

"दादा... काय केलंस रे?"

"पेज जेवलंय त्याच्याकडे."

तो पाटावर बसला आणि हळूहळू बोलू लागला. जगन्नाथ त्याला बघून पळाला नाही. झोपडीच्या दारात बसूनच राहिला. म्हणाला, होडीत सात माणसं होती, पाणी आत येत होतं, दोरीने होडी मागे ओढली जात होती. "मी कापलंय. माका मारूचा तर मार." दादाचा हात पिशवीत गेला होता. पण त्याआधी त्याला एक गोष्ट विचारायची होती. शिरीन काय म्हटल्यान? जगन्नाथ म्हणाला, "'दादाक सांग' म्हटल्यान... फुडला वाऱ्यात ऐकाक इला नाय." आणि एवढा थोराड माणूस तोंडावर हात घेऊन रडू लागला.

"शिनेमात ह्या कधी नसता गो," दादा मला म्हणाला. "समोर इलो की गोळी. म्हणान त्यांका कधीच कळणा नाय, भाऊ जाताना काय बोललो." मग तो स्वतः रडला. शिरी गेल्यानंतर पहिल्यांदाच. मी दार लावून घेतलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. आत काहीतरी इतकं सैल झालं, की मला हसूही येत होतं.

दादा परत मुंबईला गेला नाही. बाबूकाकांबरोबर त्याने मालवणात जाळ्यांचं सामान विकायचं दुकान टाकलं. आई शेवटची दोन वर्षं त्याच्या हातचं जेवून, समाधानाने गेली. तंबूतला सिनेमा गावात आला आणि त्यात घोडे असले, की बायकापोरं दादाला मधे बसवत, कारण कोण कोणाच्या मागे लागलाय हे त्याच्याइतकं कुणी सांगत नसे. आता तो पळणाऱ्याच्या बाजूनेही बोलायचा. "बघा, तेका पण तहान लागली आसा," म्हणायचा, आणि बायका हळहळायच्या.

कार्य आटोपल्यावर मी त्याच्या खोलीत गेले. खिडकीखाली त्याची बाज आहे. दुकानातून आला की जेवून त्या बाजेवर तो असा घोरायचा, की बाबूकाकांच्या ओसरीत ऐकू जायचं. बाबूकाकांनी सांगितलं, हल्ली दुपारी त्यांनाच झोप लागत नाही, सगळं गप्प गप्प वाटतं. मी सहज टेकले. खिडकीतून वारा येत होता, सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास येत होता. कुणीतरी दिवा लावायला आलं तेव्हा जाग आली.